गिटारीची खुंटी

पोस्टकार्ड आलं तेव्हा तेजराम सपरीत, पुढच्या ओसरीत, बसून बैलाचं दावं वळत होता. थोरल्या सुनेनं, कौशल्याबाईनं, ते आधी उभ्याउभ्या वाचलं, मग आत नेऊन नवऱ्याला दाखवलं. आत दोघांचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि कार्ड सासऱ्याच्या मांडीवर ठेवून दाराशी उभी राहिली. अक्षर ओळखायला तेजरामला चष्मा लागला नाही. धाकट्या आसारामनं सात वर्षांत या घरी पाठवलेलं ते पहिलंच पत्र होतं.

चारच ओळी होत्या, गावच्या मंडईच्या जत्रेला येण्याबद्दल. मंडईला येतो. एक दिवस राहीन. बाबांची हरकत नसेल तर. हरकत असेल तर दुर्गच्या पत्त्यावर कळवा.

"काही कळवाचं आहे का, मामाजी?" कौशल्याबाईनं विचारलं.

"मंडईले किती दिवस राहिले?"

"बारा."

"मंग येऊ दे."

एवढं बोलून त्यानं दाव्याचा पीळ पुन्हा हातात घेतला, पण दावं त्या दिवशी पुढं सरकलं नाही.

शहात्तरच्या श्रावणात गोदावरीबाई गेली. शेवटचे तीन दिवस ती खाटेवरून एकच विचारायची, "आसा आला का?" आसाराम नागपूरला कॉलेजात होता. कॉलेज कमी आणि एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणं जास्त, हे तोवर घरी कळलं होतं. तार रविवारी केली, असं तेजरामला ठाऊक होतं. मंगळवारी दुपारी गोदावरीबाईनं डोळे मिटले. बुधवारी संध्याकाळी आसाराम आला तो चकचकीत बाह्यांचा सदरा घालून, पाठीला गिटार बांधून. तेजरामनं त्याला अंगणातच अडवलं. "तीन दिवस वाट पाहून गेली तुही माय. नाच-गाणं आटपून आता आला? हे डबडं घेऊन माह्या घरात पाय ठेवू नोको." शेजारपाजारचे लोक ऐकत होते. आसारामनं गिटार पाठीवरून काढली, सपरीच्या कडेला ठेवली आणि आल्या पावली वळला. तो आत येईल, पाया पडेल, रडेल, असं तेजरामला वाटलं होतं. तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला तरी तेजराम अंगणात तसाच उभा होता.

गिटार मग कोणीतरी पोत्यात घालून माळ्यावर टाकली. त्यानंतर घरात आसारामचं नाव निघालं की कौशल्याबाईला चुलीवरचं काहीतरी आठवायचं, आणि केवळराम बैलांकडे निघून जायचा. तेजरामनंही विचारणं सोडून दिलं. सकाळी सपरीत चहा यायचा, दुपारी ताट यायचं, सांजेला ताट यायचं. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायला मिळाली तर पुष्कळ. कधीकधी तो आपल्याशीच मोठ्यानं बोले, आणि बोलल्याचं ध्यानात आलं की इकडेतिकडे पाही.

कार्ड आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे बांधीत, धानाच्या शेतात, गेलेले पाहून, चौसष्ट वर्षांचा तेजराम शिडी लावून माळ्यावर चढला. पोतं उंदरांनी कुरतडलं होतं. गिटार मात्र शाबूत निघाली. दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या, अंगावर बोटभर धूळ. त्यानं ती कोरड्या फडक्यानं पुसली, जवसाच्या तेलाचा हात दिला आणि सपरीतल्या भिंतीला टेकून ठेवली. ती घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. मग त्यानं तिला सुतळी बांधून दाव्यांच्या खुंटीला अडकवलं. वाऱ्यानं ती हलली, मागची बाजू भिंतीवर आपटली आणि आतून असा घुमा आवाज निघाला की कोठ्यातल्या वासरानं कान टवकारले.

घरात आल्याआल्या पोराला ती दिसावी, आणि नीट टांगलेली दिसावी, एवढंच तेजरामच्या मनात होतं. तोंडानं काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं. लाकडाचं काम येत होतं. तरुणपणापासून नांगर, वखर, बैलबंडीचं जू तो घरीच करी, वाढई-सुताराच्या दारी जात नसे.

गिटारीचा गळा बारीक आणि वरचं डोकं रुंद. म्हणजे गळ्याच्या दोन्ही अंगांनी आधार दिला तर डोकं वर अडकेल आणि सगळा भार तिथं बसेल, हे त्यानं बघूनच ताडलं. सुतळीनं गळ्याची रुंदी मोजून गाठ मारली. कोठ्याच्या आढ्यावर बिज्याच्या लाकडाची एक फळी जपून ठेवलेली होती. तीतून त्यानं बैलाच्या शिंगांसारखी दोन शिंगं एकसंध कापली. चार दिवस त्यात गेले. कानशीनं घासून गुळगुळीत केली, आणि हातानं जोर देऊन पाहतो तो एक शिंग मुळापासून कटकन तुटलं. लाकडाच्या तंतूंची रेषा आडवी गेली होती. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात येऊ नये! तेजराम तुटका तुकडा हातात घेऊन बसून राहिला. जवळ कोणी असतं तर तो स्वतःवरच हसला असता.

दुसऱ्या खेपेला त्यानं शिंगं वेगळी केली. बिज्याची पाठफळी, तिला गिरमिटानं दोन भोकं, आणि त्या भोकांत तेंदूच्या लाकडाच्या दोन दांड्या, टोकं जराशी वर उचललेली, म्हणजे गिटार पुढं सरकणार नाही. दांड्यांवर काहीतरी मऊ हवं होतं, नाहीतर गळ्याला ओरखडे पडले असते.

"केवळ, सायकलची जुनी ट्यूब आहे काय?" त्यानं सांजेला थोरल्याला विचारलं.

केवळराम हातपाय धूत होता. "कायले?"

"या दांड्याले गुंडाळाले."

केवळरामनं खुंटीकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या गिटारीकडे पाहिलं आणि तो भडकला. "त्या डबड्यापायी मायचं तोंड पाहाले नाही भेटलं त्याले. अन् तुमी त्याच्यासाठी आठ दिवसापासून लाकूड तासून राहिले? माह्या बंडीचा दांडा मोडला आहे, त्याचं कोनाले पडलं नाही."

"बंडीचा दांडा उद्या करून देतो."

"नोको मले!"

तो तरातरा आत गेला. तेजरामला नवल वाटलं. केवळराम चिडका नव्हता, गरीब स्वभावाचा होता. पण सकाळी सपरीत चहाच्या कपाशेजारी ट्यूबचा तुकडा ठेवलेला होता, धुऊन, पुसून.

मंडईच्या दोन दिवस आधी मोहाडीहून लेक रेवताबाई आली. तीन भावंडांत ती मधली, बोलायला धीट. तेजराम तेव्हा भिंत कोरत होता. दीड हात जाड मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून त्यानं साजाच्या लाकडाचा ठोकळा आत बसवला, भोवतीनं तणीस कालवलेली माती ठासली आणि दुसऱ्या दिवशी ती वाळल्यावर पाठफळी स्क्रूनं त्या ठोकळ्यावर आवळली. रेवता खाली बसून पाहत होती.

"छान झाली, बाबा."

"पाहू, भार धरते का."

"आसा आल्यावर काय म्हनाल त्याले?"

तेजरामनं पेचकस खाली ठेवला. "तूच सांग, काय म्हनू?"

"तुमीच त्याले हाकललं होतं."

"हो. मीच."

रेवता उठली. दोघांनी मिळून गिटार उचलली आणि दांड्यांमध्ये सोडली. ट्यूबनं ती अलगद धरली. वारा आला तरी हलली नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी आसाराम आला. चौकात दंडारीच्या खेळाचा ढोल वाजत होता, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं लागली होती, आणि त्या गर्दीतून वाट काढत तो अंगणात येऊन थांबला. सात वर्षांपूर्वी थांबला होता, बरोबर तिथंच. केस कानाशी पिकले होते, वय मात्र एकतीस. थंडी पडली नव्हती तरी डाव्या खांद्यावरून शाल घेतलेली, हात तिच्या आत.

"ये," तेजराम म्हणाला.

आसाराम सपरीत चढला आणि वाकून एका हातानं पाया पडला. शहरात राहून पोरगा नमस्काराची रीत विसरला, असं तेजरामच्या मनात आलं. आशीर्वाद द्यायला त्याचा हात वर गेला, आणि डोक्यावर टेकायच्या आत आसाराम उठून उभा राहिला होता.

मग त्याला ती दिसली. तो भिंतीजवळ गेला. उजव्या हातानं त्यानं दांडी चाचपली, ट्यूबवरून बोट फिरवलं, खालून पाठफळी पाहिली. गिटारीला मात्र हात लावला नाही.

"कोनं केली?"

"बाबानं," रेवता म्हणाली. "आठ-दहा दिवसापासून हेच चालू आहे त्याहीचं."

"चांगली झाली," आसाराम म्हणाला, आणि पाय धुवायला निघून गेला.

तेजराम तिथंच उभा राहिला. एवढंच? सात वर्षांनी आलेल्या माणसाकडून त्याला काय हवं होतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण 'चांगली झाली' तर बंडीचा दांडा बघूनही म्हणतात.

जेवणाला सगळे आत बसले. कौशल्याबाईनं वडे, तर्रीची भाजी आणि घरच्या तांदळाचा भात केला होता. ती आग्रह करत होती, आसाराम मान हलवत होता. केवळराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, मागून जेवतो म्हणाला.

"आसा, जेवण झाल्यावर वाजव गा जरासं," रेवता म्हणाली. "चार तारा आहेत अजून."

आसारामनं ताट बाजूला सारलं. उठून हात धुवायला मोरीवर गेला. कौशल्याबाईनं पाण्याचा लोटा पुढं केला. तो त्यानं सवयीनं डाव्या हातात घेतला आणि लोटा सुटून फरशीवर गडगडला. शाल सरकली.

"अवो भाऊजी," कौशल्याबाई ओरडली, "हाताले काय झालं?"

डाव्या हाताला अंगठा आणि पहिलं बोट तेवढं राहिलं होतं. मधलं पेरावर संपत होतं आणि पुढची दोन नव्हतीच.

"पत्रा कापाच्या मशीनीत गेले," आसाराम म्हणाला. "दोन वर्सं झाले. आता कारखान्याच्या गेटवर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो." त्यानं शाल नीट केली. "सूर दाबाचा हात हाच असते, ताई. नाही वाजवता येत आता."

रेवतानं पदर तोंडाला लावला. तेजराम ताटावर तसाच बसलेला होता, हात खरकटा, वाळत चाललेला.

"कळवलं काहून नाही आमाले?" त्यानं विचारलं.

"कोनाले कळवू, बाबा?"

बाहेर ढोल थांबला होता. तेजरामनं घसा साफ केला. बोलायचं होतं ते आत्ताच बोलावं लागणार होतं. "त्या दिवशी माह्या तोंडून जे गेलं... तुही माय रविवारपासून तुहं नाव घेऊन राहिली होती. मले वाटलं, तार भेटूनही तू आला नाही."

"तार मले बुधवारी सकाळी भेटली," आसाराम म्हणाला. "हातात पडली तसा निघालो. रात्रभर प्रोग्राम होता, अंगावरचे कपडे बी बदलले नाही. गिटार कोनापाशी ठेवू म्हणून पाठीवरच राहिली."

"रविवारी केलेली तार बुधवारी?"

"कागदावर मंगळवारची तारीख होती, बाबा. मी लई वेळा पाहिली."

मग चौकटीकडून आवाज आला.

"मंगळवारचीच होती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. केवळराम जमिनीकडे पाहत होता.

"रविवारी तुमी मले तार कराले साकोलीले पाठवलं. नाल्याले पूर होता. मी काठावरूनच वापस आलो. घरी आलो तर माय भातपेज पिऊन बसली होती, म्हटलं, बरी होते, उद्या जातो. सोमवारी धानाचे पऱ्हे उपटून पडले होते, बाया लागल्या होत्या रोवणीले. सोडून कसा जाऊ? मंगळवारी सकाळी पूर उतरला तवा गेलो. तार करून आलो, तर..."

"अन् मले म्हटलं, करून आलो," तेजराम म्हणाला. "रविवारी."

"हो."

"अन् मी याले अंगणातून हाकललं तवा तू कोठी होता?"

"सपरीतच होतो," केवळराम म्हणाला. "भेव लागला, बाबा. त्या दिवशी नाही बोललो, मंग रोज अधिकच जड झालं."

तेजरामनं सुनेकडे पाहिलं. कौशल्याबाईनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सात वर्षं तिच्या हातचं ताट, केवळरामच्या शेतातला तांदूळ, आणि सपरीत बसलेल्या एकट्या माणसाला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला रागही नीट येईना. एका लेकावर रागावून सात वर्षं काढली होती, दुसऱ्यासाठी आता अंगात बळ उरलं नव्हतं. तो उठला, हात धुतला आणि कोठ्यात जाऊन गव्हाणीच्या कडेला बसला.

ऊन कलायला लागलं. मंडईची गर्दी फुगत होती. पोरांच्या पिपाण्या, भोंग्यावरची गाणी, सगळं कोठ्यापर्यंत ऐकू येत होतं. बैल रवंथ करत होते. तेजरामला गोदावरीबाईची आठवण झाली, पण तिला सांगण्यासारखंही त्याच्याजवळ काही नव्हतं. ती विचारत राहिली, आणि तिचा निरोप नाल्याच्या अलीकडेच थांबलेला होता.

पावलं वाजली. आसाराम येऊन शेजारी बसला.

"दादाले काही बोलू नोका," आसाराम म्हणाला. "आत बसून रडून राहिला."

"तुले राग नाही आला?"

"लई दिवस तुमचाच केला. आता दादाचा नव्यानं कोठून आणू?"

तेजरामनं त्याच्या शालीकडे पाहिलं. "दुखते काय?"

"थंडीत दुखते."

"घरी कोन आहे तुह्या?"

"कोनी नाही. एक खोली आहे." मग तो म्हणाला, "बाबा, ती खुंटी मी घेऊन जाऊ?"

"अन् गिटार?"

"गिटार ताईच्या शकुंतलेले द्या. शाळेत पेटी शिकते म्हणे. तिले जमन."

"मंग नुसती खुंटी नेऊन काय टांगशील तिच्यावर?"

"काही टांगणार नाही. तशीच ठेवतो." त्यानं उजव्या हातानं गव्हाणीतली तणसाची काडी उचलली. "माह्यासाठी कोनी हातानं काही करून लई वर्सं झाले."

तेजरामनं हात वर केला आणि या वेळी तो पोराच्या डोक्यावर टेकला. आसाराम उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजरामनं आपल्या हातानं स्क्रू काढले. ठोकळा भिंतीतच राहिला. पाठफळी आणि दांड्या त्यानं जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून आसारामच्या थैलीत ठेवल्या. केवळराम पहाटेच बांधीवर गेला होता. जाताना भावाच्या उशाशी घरच्या तांदळाची पिशवी ठेवून गेला होता, भेटला मात्र नव्हता.

रस्त्यावर साकोलीच्या बसची वाट पाहत बाप-लेक उभे होते. मंडईची दुकानं उठत होती.

"तुह्या खोलीची भित कायची आहे?" तेजरामनं एकदम विचारलं.

"सिमेंटची."

"मंग खिळा नाही बसन. आधी भोक पाडा लागते, मंग लाकडाची गुल्ली ठोका लागते आत. एका हातानं नाही होत ते."

"घेईन कोनाकडून करून."

"कोनाकडून?"

लांब बस दिसू लागली होती.

"मी येतो," तेजराम म्हणाला. "धान कापलं का येतो. गिरमिट घेऊन येतो, छिन्नी घेऊन येतो."

आसारामनं वळून बापाकडे पाहिलं. पोस्टकार्ड वाचल्यासारखं सावकाश. "गोंदियाले पॅसेंजर बदला लागते, बाबा."

"बदलीन."

"दुर्गले उतरले का जागेवरून हलू नोका. मी येतो स्टेशनवर. आधी कार्ड टाकजा."

बस थांबली. कंडक्टर घाई करत होता. आसाराम चढला आणि खिडकीशी बसला. त्यानं हात हलवला तो डावा होता. शाल बाजूला झाली होती आणि त्यानं ती सावरली नाही.

बस गेल्यावर तेजराम घरी गेला नाही. तो सरळ बांधीकडे वळला. धान पिवळं पडत आलं होतं, खोलगट बांध्यांत अजून घोटाभर पाणी होतं. केवळराम धुऱ्यावर, शेताच्या मातीच्या बांधावर, बसला होता. बापाला येताना पाहून तो उभा राहिला, फावडं हातात घेऊन, मार खायला उभं राहावं तसा.

तेजरामनं लोंबी तोडली, तळहातावर चुरली, दाणा दाताखाली धरून पाहिला.

"कधी कापाचं?"

"पंधरा दिवस तरी लागतीन," केवळराम चाचरत म्हणाला. "पाणी आहे अजून. ते निघाल्याबिगर कापाले नाही जमत."

"लवकर झालं तर बरं. मले दुर्गले जाचं आहे. खुंटी ठोकाले."

"एकटे?"

तेजरामनं दुसरी लोंबी तोडली.

केवळरामनं फावडं खाली टेकवलं. "गोंदियापर्यंत मी येतो पोचवाले. गाडीत बसवून देतो."

"गोंदियापर्यंत कायले? येतो तर दुर्गपर्यंत ये." तेजरामनं हातातलं फोल फुंकून टाकलं. "सिमेंटची भित आहे. एकानं धरा लागते, एकानं ठोका लागते."

केवळराम धुऱ्यावरून खाली उतरला, वाकला, आणि त्यानं फावड्यानं धुरा फोडायला सुरुवात केली. माती बाजूला झाली तसं बांधीतलं पाणी वाट काढत नाल्याकडे निघालं.